कोरडी ठेवायची वस्तू

सोयाबीन कापणीला आले की देवासच्या हवेत तपकिरी धूळ येते. ती खिडकीच्या गजांवर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, आणि उभ्या गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी दाट होते. थ्रेशर कुठे चालला आहे ते दिसत नाही, फक्त ऐकू येते. पावसाळा संपलेला असतो आणि थंडी आलेली नसते. चौकात झेंडूचे ढीग लागतात. या दिवसांत आमच्या घरी माळ्यावरून एक निळी पेटी खाली उतरते. यंदाही उतरली.

पेटीत दोन लोखंडी घोड्या आहेत. गाडी जॅकने उचलल्यावर तिच्याखाली लावायचे तिपायी आधार, त्यांना इथल्या बाजारात घोडी म्हणतात. एक सी-क्लॅम्प आहे, स्क्रू आवळून वस्तू दाबून धरणारा लोखंडी चिमटा. सहा गोट्या, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखे बसणारे पाने. एक लांब दांड्याचा टॉर्क रेंच. तारेचा ब्रश, हातमोजे, दोन लाकडी गुटके. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली आहे. ती माझ्या मुलीने, मुक्ताने, हिंदीत लिहिली आहे. मुक्ता मराठी बोलते, पण लिहायला बसली की दुसऱ्या ओळीत हिंदी सुरू होते. यादीच्या तळाशी एक शब्द दोनदा अधोरेखित आहे: सूखा.

पेटी खंडेनवमीला धारला न्यायची असते. माळव्यातल्या मराठी घरांमागचे दरबार गेले, खंडेनवमी राहिली. नवमीला घरातली हत्यारे पाटावर मांडतात, पुजतात, आणि दशमीला पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. आमच्या घरात तलवार कधीच नव्हती. पूर्वज बग्गीखान्यात चाके बघत, असे घरात सांगतात. त्याचा कागद मी पाहिलेला नाही. पाटावर विळी असते, कातर असते, काकांचे पाने असतात, आणि माझे पेन असते. पेनाला विश्रांती मिळते. त्या दिवशीही मी बातम्या टाइप करतोच.

काका म्हणजे आबा. देवासच्या एका कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर धारला गेले. काकूंना घरात सगळे माई म्हणतात, मीही. त्यांचे घर साधे, विटांचे, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत एक गाडी मावते.

पेटीची सुरुवात तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनातली. मुक्ता पशुवैद्य आहे आणि तेव्हा तिची नेमणूक मनावरला नवी होती. मनावर खाली, निमाडात. धार वर, पठारावर. सुटीला देवास गाठणे लांब पडते, म्हणून ती आबांकडे धारला येई आणि सुटी संपली की परत खाली जाई. मध्ये घाट आहे. माझी जुनी पांढरी गाडी तिच्याकडे होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

“बाबा, घाट उतरताना जळल्याचा वास येतो. पण माझ्या गाडीचा की पुढच्या ट्रकचा, ते कळत नाही.”

मी म्हणालो, गॅरेजला दाखव. दोनदा दाखवली होती. दोन्ही वेळा त्यांनी चाक फिरवून पाहिले आणि सब ठीक है म्हणून परत दिली. कदाचित ते खरेही असेल. पण तिने विचारलेला प्रश्न गाडी ठीक आहे का हा नव्हता. वास कोणाचा, हा होता. माझी अर्धी नोकरी बातमी कुठून आली एवढेच विचारण्यात गेली आहे, त्यामुळे तिचा आग्रह मला पटला.

“चाक उघडून बघते,” ती म्हणाली. “गाय उघडते, तर चाक का नाही?”

त्या वर्षीच्या धुळीचा वास अजून नाकात आहे, कारण आम्ही दोघे दुपारभर देवासच्या हमरस्त्यालगतच्या एका दुकानाच्या उघड्या दारात उभे होतो. आत हत्यारे छतापर्यंत टांगलेली. मुक्ताच्या फोनवर यादी होती आणि यादीत पहिला होता पाना. दुकानदाराने यादी पाहिली आणि फोन परत दिला.

“भिया, पहले घोड़ी लो. पाना तो पड़ोसी से भी मिल जाएगा.”

“जैक है हमारे पास,” मुक्ता म्हणाली.

“जैक उठाने का है, टिकाने का नहीं. जैक के भरोसे नीचे हाथ मत डालना.”

“दो टन की या तीन की?”

“गाड़ी तो हल्की है आपकी. पर हाथ तो आपका रहेगा ना नीचे.”

तीन टनांची घेतली. त्या दुपारी एक गोष्ट लक्षात आली. ब्रेक उघडण्यासाठी निवडलेल्या हत्यारांपैकी पहिली वस्तू ब्रेकला लागतच नाही. ती माणसासाठी असते. गुटकेही तसेच, हातमोजेही तसेच. अर्धी यादी काम करणाऱ्याला शाबूत ठेवण्यासाठी होती. माझ्या कामात अशी हत्यारे कोणती, याचा विचार मी परतीच्या वाटेवर केला आणि पटकन एकही आठवले नाही.

गोट्यांवरून मोठा खल झाला. एक प्रकार आतून सहा कोनांचा, दुसरा बारा कोनांचा. बारा कोनांची गोटी कशीही फिरवून लावली तरी चटकन बसते. मुक्ताने दोन्ही हातात धरून एका गंजक्या बोल्टवर लावून पाहिल्या. बोल्ट दुकानदारानेच कुठून तरी काढून दिला होता. बारा कोनांची गोटी बोल्टच्या कोपऱ्यांना धरते, सहा कोनांची त्याच्या सपाट बाजूंना. बोल्ट गंजलेला असला की कोपरे झिजतात. तिने सहा कोनांच्या घेतल्या. निवडताना ती जनावराच्या पायाची गाठ चाचपावी तशी बोटे फिरवत होती.

ब्रेकचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मागे ढकलायला एक खास उपकरण मिळते. ते तिने ठेवून दिले आणि साधा सी-क्लॅम्प उचलला, त्याचे दुसरे उपयोगही असतात म्हणून. टॉर्क रेंच मात्र तिने हट्टाने घेतला. किती आवळले हे तो आकड्यात सांगतो, आणि ठरलेल्या आकड्याला पोहोचला की टक् असा आवाज करतो. शेवटी पुढच्या दोन चाकांसाठी ब्रेक पॅडचा डबा. चार पट्ट्या, एका बाजूला पोलाद, दुसऱ्या बाजूला काळा खरखरीत थर. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीला हा थर दोन्हीकडून चिमटतो आणि गाडी थांबते. डब्यावर बारीक इंग्रजीत सूचना होत्या. मी त्या वाचल्या. छापलेले सगळे वाचण्याची सवय आहे. तिसरी सूचना होती: तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये.

अष्टमीला धारला पोहोचलो. आबा पडवी झाडून तयार होते. त्यांनी पेटी उघडली, एकेक गोटी काढली आणि दुसऱ्या गोटीवर हलकेच आपटून कानाशी नेली. पाना ते असाच निवडत आले. चांगले पोलाद वाजते, भेसळीचे खटकन गप्प होते. सगळ्या गोट्या पास झाल्या. मग टॉर्क रेंच हातात घेतला.

“हे कशाला?”

“किती आवळलं ते कळतं, आबा.”

“हाताला कळत नाही?”

“तुमच्या कळत असेल. माझ्या अजून नाही.”

हे उत्तर त्यांना आवडले, पण रेंच त्यांनी जरा लांब ठेवला.

चाके निघाली. आबा स्टुलावर बसून बघत होते, हात गुडघ्यांवर. मुक्ता आडवी होऊन आतला बोल्ट शोधत होती.

“भिऊ नकोस, मुक्ते. बैल नाही तो, लाथ मारणार नाही.”

“बैल बरा, आबा. दुखलं की सांगतो.”

कॅलिपर, म्हणजे थाळीला चिमटणारा तो जड लोखंडी जबडा, सुटला आणि एक अडचण आली. तो ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळीला जोडलेला असतो. हातातून सोडला तर त्याचे वजन नळीवर येते आणि नळी आतून चिरू शकते. तो कशाला तरी टांगायला हवा. यादीत त्यासाठी काही नव्हते. मुक्ता तो तसाच दोन्ही हातांत धरून बसली. आबा तार शोधायला उठले. माई दारातून हे बघत होती. ती आत गेली, आणि कांद्याची टोपली ज्याला टांगते तो लोखंडी आकडा घेऊन आली.

“हा चालेल का बघ. पंचवीस वर्षं कांदे धरून आहे.”

आकडा चाकामागच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यात असा बसला की त्यासाठीच घडवला असावा. देवासच्या दुकानात दुपार घालवून निवडलेल्या हत्यारांमध्ये इतके नेमके बसलेले दुसरे नव्हते. टोपली त्या दिवशी जमिनीवर राहिली.

वासाचे उत्तर डाव्या चाकात होते, निदान अर्धे. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांतली एक कोरडी पडून गंजली होती आणि अडकली होती. ब्रेक सोडला तरी त्या बाजूचा पॅड थाळीला घासत राहत असणार. आबांनी कारखान्यातला जुना वर्निअर काढला आणि पॅडचा थर मोजला. उजवीकडचे सहा मिलिमीटर, डावीकडचा आतला साडेचार. गाडीच्या पुस्तकात दोनच्या खाली गेले की बदला असे होते. म्हणजे जुने अजून चालले असते. पण नवे आणलेच होते. मुक्ताने पिन घासून लखलखीत केली, तिला खास उष्णता सोसणारे ग्रीस लावले, क्लॅम्पने पिस्टन मागे सारला. जुने पॅड आबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, डावे-उजवे असे लिहून खुंटीवर ठेवले. नवा भाग आठ दिवस चालल्याशिवाय जुना टाकायचा नाही, ही त्यांची कारखान्यातली शिस्त.

नवे पॅड लावायला मुक्ता डबा उघडू लागली, तेव्हा आबा म्हणाले, “थांब. उद्या नवमी आहे. नवी वस्तू आधी पाटावर, मग गाडीवर.”

घाई नव्हती. तिला दशमीच्या दुसऱ्या दिवशी मनावरला हजर व्हायचे होते. दशमीला सकाळी पूजा उचलली की लावू, असे ठरले. गाडी घोड्यांवर तशीच उभी राहिली, चाके भिंतीशी टेकवलेली, कॅलिपर आकड्याला लटकलेला.

नवमीला पहाटे माईने तबक मागितले. मी डबा उघडला, चार पॅड तबकात ठेवले, बाकीच्या हत्यारांबरोबर तिच्या हाती दिले आणि आंघोळीला गेलो. पाट मांडला तेव्हा सुंदर दिसत होता. पाने उंचीने लावलेले, घोड्या दोन्ही बाजूंना द्वारपालांसारख्या, मध्ये झेंडू, कडेला आपट्याची फांदी. सगळे लोखंड चकाकत होते. माझे पेनही चकाकत होते. त्या चकाकीकडे मी कौतुकाने पाहिले. ती कशाची आहे, हे विचारले नाही.

दशमीला सकाळी मुक्ताने पहिला पॅड उचलला, उजेडाकडे धरला, आणि खाली ठेवला. मग दुसरा. मग चारी.

“माई, यांना तेल लावलं?”

“सगळ्यांनाच लावलं. तिळाचं.” माई स्वयंपाकघरातून बोलत होती. “दर वर्षी लावते. लोखंड पुजायचं ते कोरडं का ठेवायचं?”

काळ्या खरखरीत थरावर तेल मुरले होते. वर मधोमध हळद आणि कुंकू. माईने पोलादी बाजू खाली आणि काळी बाजू वर ठेवली होती, कारण तीच तोंडासारखी दिसत होती.

मुक्ता माझ्याकडे बघत होती. मला डब्यावरची तिसरी सूचना आठवली, शब्दन् शब्द. चूक कोणाची, हे बातमीत एका वाक्यात लिहावे लागते. इथे ते वाक्य तयार होत नाही. तेल माईने लावले. पाटावर ठेवा असे आबांनी सांगितले. सूचना मी वाचली होती आणि तबकही मीच दिले होते. पाट मुक्तानेही पाहिला होता. प्रत्येकाने आपापले काम नीट केले होते.

“पुसून नाही चालत?” आबांनी विचारले.

“हा थर तेल पितो, आबा. वरून पुसलं तरी आत राहतं. गरम झालं की बाहेर येतं. घाटात गरम होणारच. नहीं लगा सकते.”

आता माई बाहेर आली. “पुजलेली वस्तू टाकायची? दसऱ्याच्या दिवशी?”

दसऱ्याला दुकाने बंद होती. गाडीला पुढे चाके नव्हती. मुक्ताला दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा होता, आणि पाटावर जे ब्रेक होते ते लावले असते तर बाहेरून कोणालाही काही दिसले नसते. कुंकू पुसले गेले असते, माईचे मन राहिले असते. हा विचार पडवीत काही क्षण होता. मुक्ताने तो हातमोजे काढून बाजूला ठेवत संपवला.

“मी बसने जाईन. पण हे नाही लावणार.”

माई आत वळली. आबा उठले ते भांडण मिटवायला नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होते. चाळीस वर्षे त्यांनी लोखंडाला तेल दिले होते. बेअरिंगला, बिजागरीला, लेथच्या पट्ट्यांना. तेलाने काही बिघडते, हे त्यांच्या हातांना नवे होते.

“किती फरक पडतो, ते बघू तर.”

त्यांनी आपल्या पेटीचे पत्र्याचे झाकण काढले आणि स्टुलावर आडवे ठेवले. त्यावर एका बाजूला तेल लागलेला नवा पॅड ठेवला, काळी बाजू खाली. शेजारी खुंटीवरच्या पुडीतला जुना, कोरडा. मग झाकणाची एक कड हळूहळू उचलू लागले. बोटभर. दोन बोटे. पाच बोटे उचलल्यावर नवा पॅड हलला आणि सरळ घसरत खाली येऊन फरशीवर पडला. जुना जागेवर होता. आबांनी कड आणखी उचलली. जुना तरीही जागेवर. त्यांनी जागा बदलून पुन्हा केले, मग पत्रा पुसून तिसऱ्यांदा. आवाज ऐकून माई दारात येऊन उभी राहिली होती. चौथ्यांदा कड तिनेच धरली.

नवा घसरला.

“म्हणजे माझ्या तेलानं गाडी घसरली असती,” ती म्हणाली.

“तेलानं, माई. तुमच्या नाही,” मुक्ता म्हणाली.

“मला कुणी सांगितलं होतं का, की एवढ्याला लावू नको?”

“नाही,” मी म्हणालो. “मी वाचलं होतं. सांगितलं नाही.”

माईने माझ्याकडे पाहिले. मग फरशीवरचा पॅड उचलला, पदराने पुसला आणि चारी पॅड एकत्र करून देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवले. टाकले नाहीत, लावलेही नाहीत. ते तिथेच आहेत.

जुने पॅड परत लागले. साडेचार मिलिमीटर पुरेसे होते, आणि अडकणारी पिन आता बोटाने सरकत होती. या पिनेचे मला आजही नवल वाटते. तिला ग्रीस नसेल तर ब्रेक बिघडतो, आणि तिच्यापासून दोन बोटांवरच्या पॅडला तेच ग्रीस लागले तर ब्रेक जातो. दोन उलटे नियम इतक्या जवळ राहतात आणि एकच गाडी थांबवतात. गाडीत बाकी सगळे घसरावे म्हणून केलेले असते. घसरू नये म्हणून केलेली एवढीच जागा, आणि ती कोरडी ठेवावी लागते.

शेवटचे दोन बोल्ट आबांनी मागून घेतले. साध्या पान्याने, मनगटाच्या अंदाजाने आवळले. मुक्ताने मग टॉर्क रेंच लावला. एकाला टक् झाले, जिथे व्हायला हवे तिथेच. दुसऱ्याला बोल्ट जराही न फिरता झाले.

“एक बरोबर,” ती म्हणाली. “एक जास्त.”

“जास्त कुठला?”

“डावा.”

आबांनी डाव्या मनगटाकडे पाहिले, मग उजव्या, जसे काही बोल्ट नव्हे तर हात तपासायचा होता. “सैल करून पुन्हा कर,” ते म्हणाले. रेंच या वेळी त्यांनी स्वतः उचलून तिच्या हातात दिला.

चाके चढल्यावर मुक्ता गाडीत बसली आणि ब्रेक दाबला. पेडल तळापर्यंत गेले. तिला ते माहीत होते: पिस्टन मागे सारलेला होता, तो जागेवर येईपर्यंत दाबत राहायचे. चौथ्या-पाचव्या वेळी पेडल घट्ट झाले. दुपारी रिकाम्या सपाट रस्त्यावर तिने वीसदा गाडी थांबवली. प्रत्येक वेळी सरळ थांबली.

बग्गीखान्यातली एक रीत आबा सांगतात. ज्याने चाक बसवले तो पहिल्या फेरीत बग्गीत बसायचा. शिक्षा म्हणून नाही, मान म्हणूनही नाही. तशी पद्धत होती. दशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कोट घालून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

“मी बोल्ट आवळलेत,” ते म्हणाले.

मी मागे बसलो. तबक मी दिले होते. मुक्ता किल्ली फिरवणार तेवढ्यात मागचे दुसरे दार उघडले. माई होती, नव्या लुगड्यात, हातात दशम्यांचा डबा.

“तू कुठे?” आबांनी विचारले.

“आकडा माझाच होता ना.” ती आत सरकली. “आणि तेलही.”

घाट सुरू होण्याआधी मुक्ताने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि काचा खाली केल्या. काचा उघड्या ठेवायच्याच होत्या. पुढे ट्रकांची रांग होती. पहिल्या वळणावर काही नाही. दुसऱ्यावर सागाच्या ओल्या पानांचा वास. तिसऱ्या वळणानंतर आला: जळका, कडवट, घशात बसणारा. माईचा हात डब्याच्या झाकणावर होता. मुक्ता ब्रेक दाबत होती, सोडत होती, मोजून मापून. वास आमच्याबरोबर तळापर्यंत आला.

खाली रस्ता सपाट झाला तिथे तिने एका बाभळीखाली गाडी उभी केली. ट्रक पुढे निघून गेले. आम्ही चौघे उतरलो. मुक्ता चाकाशी वाकली आणि तळहात रिमच्या जाळीजवळ धरला, न टेकवता. तापलेल्या वासराच्या अंगाजवळ हात धरावा तसा. आधी डावे चाक. मग उठून, पुढून वळसा घालून, उजवे. मग पुन्हा डावे. आबांना म्हणाली, “तुम्ही बघा.”

आबांनी पाहिले. डावे. उजवे. त्यांनी माईला बोलावले. माईने पदर सावरून हात पुढे केला. डावीकडे थोडा वेळ, उजवीकडे तेवढाच वेळ. स्वयंपाकघरात तव्याची धग जोखणारा हात होता तो. आमच्यात तिच्याएवढी उष्णता कोणी रोज मोजलेली नव्हती.

“दोन्ही सारखे,” ती म्हणाली. “आणि जळकं काही नाही इथे.”

वास विरला होता. तो ट्रकांबरोबर धामनोदच्या बाजूला गेला होता.

आता मुक्ता मनावरलाच आहे. घाट महिन्यातून चार-पाचदा तरी उतरते-चढते. जुने पॅड यंदा अडीच मिलिमीटरवर आले, म्हणून नवा डबा घेतला, देवासच्या त्याच दुकानातून. दुकानदाराने या वेळी घोडीबद्दल विचारले नाही. मुक्ताच्या हातांकडे पाहून ओळखले असावे.

काल नवमी झाली. पाट मांडला. माई तेलाची वाटी घेऊन बसली, मुक्ता समोर. तीन वर्षांपासून हे असे चालते. माई एकेक वस्तू उचलते आणि विचारते.

“घोडी?”

“लावा.”

“गोट्या?”

“पुसट लावा. आतून नको.”

“हा क्लॅम्प?”

“फक्त आट्यांना.”

“आणि ह्याला?” टॉर्क रेंच.

“त्याला कोरड्या फडक्यानं पुसायचं.”

“नाजूक आहे बाई.”

“आबांपेक्षा कमी,” मुक्ता म्हणाली. आबा झेंडू ओवत होते, त्यांनी मान वर केली नाही.

पॅडचा डबा माईने उघडला नाही. तसाच बंद पाटावर ठेवला. तेलाची बोटे आधी पदराला पुसली, मग पाण्याने धुतली, मग वाळू दिली. तेवढा वेळ आम्ही तिघे थांबलो. मग चिमूटभर अक्षता डब्यावर वाहिल्या आणि हात मागे घेतला.

सगळ्यात शेवटी ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कांद्याची टोपली जमिनीवर उतरवली आणि लोखंडी आकडा घेऊन आली. तो तिने मांडीवर ठेवला, वाटीत बोट बुडवले, आणि टोकापासून टोकापर्यंत तेल लावले. त्याच्यासाठी तिने कोणाला विचारले नाही.